संस्कृतची पंडिता, पण मराठी बायबलमधले जड संस्कृत शब्द वेचून काढले! पंडिता रमाबाईंनी असं का केलं?

रविवारी सकाळी नवी मुंबईत वाशी, नेरूळपासून पनवेलपर्यंत एक चक्कर मारा. एकाच पुस्तकाचं वाचन कुठे मल्याळममध्ये चाललेलं असतं, कुठे तमिळमध्ये, कुठे इंग्रजीत, कुठे मराठीत. गाणी वेगळी, बसण्याची पद्धत वेगळी, कुठे चपला बाहेर तर कुठे बूट आत. त्याच पनवेलमध्ये १८४९ सालचं बेथ एल सिनेगॉग आहे. तिथले बेने इस्राएली, म्हणजे आपल्या कोकणातले मराठी बोलणारे ज्यू, याच पुस्तकाचा पहिला भाग पिढ्यान् पिढ्या वाचत आलेत. ख्रिस्ती लोक त्याला जुना करार म्हणतात. ज्यूंसाठी तो जुना वगैरे काही नाही, तोच पूर्ण ग्रंथ. येशू त्यात नाहीच. एकोणिसाव्या शतकात या मंडळींनी अब्राहम, योसेफ यांच्या कथांवर चक्क मराठीत कीर्तनं रचली होती, हेही जाता जाता सांगून टाकतो.

पुस्तक एक, वाचणारे अनेक, आणि प्रत्येकाला त्यात दिसतं ते वेगळं. मग खरा अर्थ कोणाचा? पाद्र्याचा? विद्वानाचा? की ज्याच्या हातात ते पुस्तक आहे त्याचा?

या प्रश्नावर एक मराठी बाई आयुष्यातली चाळीस वर्षं भांडली. आधी पुण्यातल्या शास्त्र्यांशी, मग इंग्लंडच्या बिशपांशी आणि शेवटी थेट भाषेशी. पंडिता रमाबाई. शाळेच्या पुस्तकात त्यांच्याबद्दल दोन ओळी असतात: शारदा सदन काढलं, विधवांसाठी काम केलं. ते खरंच आहे. पण ही बाई मुळात काय होती, तर वाचक. असली वाचक की समोर कुठलंही धर्मपुस्तक आलं तरी ती आधी एकच गोष्ट बघायची, यात बाईची जागा कुठे आहे?

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, सह्याद्रीच्या जंगलात गंगामूळ इथे. आज तो भाग कर्नाटकात येतो. वडील अनंतशास्त्री डोंगरे चित्पावन ब्राह्मण आणि संस्कृतचे गाढे पंडित. तरुणपणी ते पुण्याला रामचंद्रशास्त्री साठे यांच्याकडे शिकत होते. साठेशास्त्री दुसऱ्या बाजीरावाच्या वाड्यात पेशव्यांच्या पत्नीला संस्कृत शिकवायला जायचे. बाईच्या तोंडून संस्कृत श्लोक ऐकले आणि अनंतशास्त्र्यांनी मनाशी ठरवलं की आपणही आपल्या बायकोला शिकवायचं. घरच्यांनी विरोध केला. पुढे तर धर्मपंडितांच्या सभेसमोर त्यांना आपली बाजू मांडावी लागली. तरी त्यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना शिकवलंच, आणि लक्ष्मीबाईंनी पुढे आपल्या लेकीला.

म्हणजे बघा, रमाबाईंना संस्कृत शिकवलं ते आईने. त्या काळात हे वाक्य लिहिणंही अवघड होतं.

हे कुटुंब पुराण सांगत गावोगाव फिरायचं. देवळात, नदीच्या घाटावर बसायचं, भागवत वाचायचं, लोक जे देतील त्यावर जगायचं. रमाबाईंना लहान वयात भागवताचे हजारो श्लोक पाठ झाले. मग १८७० च्या दशकातला मद्रास इलाख्यातला दुष्काळ आला. भांडी विकली, दागिने विकले, पण भीक मागणं किंवा मजुरी करणं या कुटुंबाला जमलं नाही. वडील गेले, आई गेली, थोरली बहीण गेली. उरले रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास. दोघं भावंडं शेकडो मैल चालत उत्तरेपर्यंत गेली. हा प्रवास रमाबाईंनी पुढे स्वतः लिहून ठेवलाय आणि तो वाचताना आजही घशाशी येतं.

१८७८ मध्ये दोघं कलकत्त्याला पोहोचले. वीस वर्षांची अविवाहित ब्राह्मण मुलगी सभेत उभी राहून संस्कृत बोलते हे बघून तिथले पंडित थक्क झाले. त्यांनी तिला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या.

इथेच बायबल पहिल्यांदा त्यांच्या हातात आलं, तेही संस्कृतमधलं! कलकत्त्यातल्या एका ख्रिस्ती मेळाव्यात कोणीतरी त्यांना ते दिलं. रमाबाईंनी उघडून पाहिलं आणि बाजूला ठेवलं. भाषा संस्कृत होती, पण त्यांच्या ओळखीची नव्हती. शब्द आपले आणि बोलणं परक्याचं, असं काहीतरी. वाचण्यात वेळ घालवण्यासारखं त्यांना त्यात काही दिसलं नाही. हा प्रसंग लक्षात ठेवा, कारण पंचवीसेक वर्षांनी या बाई स्वतः भाषांतराला बसणार आहेत.

कलकत्त्यात आणखी एक गोष्ट झाली. बायकांपुढे धर्मशास्त्रात सांगितलेल्या स्त्रीधर्मावर व्याख्यानं द्या, असं तिथल्या विद्वानांनी त्यांना सुचवलं. म्हणून रमाबाई स्मृती आणि धर्मशास्त्रं नीट वाचायला बसल्या. वाचता वाचता त्यांच्या लक्षात आलं की हे ग्रंथ जवळपास प्रत्येक बाबतीत एकमेकांशी भांडतात. मात्र स्त्रिया आणि शूद्र यांना कमी लेखण्याच्या बाबतीत सगळ्यांचं एकमत आहे. केशवचंद्र सेन यांनी त्यांना वेद वाचायला दिले, जे स्त्रियांनी वाचायचेच नाहीत असं त्या लहानपणापासून ऐकत आल्या होत्या. त्यांनी ते वाचले. तिथून पुढे अधिकार कोणाचा हा प्रश्न त्यांच्या डोक्यातून कधीच गेला नाही.

१८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने लग्न केलं. नवरा ब्राह्मणेतर, प्रांत वेगळा, भाषा वेगळी. संसार सिल्चरला. नवऱ्याच्या पुस्तकांमध्ये त्यांना बंगालीतलं लूकचं शुभवर्तमान सापडलं. गावात ॲलन नावाचे बॅप्टिस्ट मिशनरी होते, ते घरी येऊन जगाच्या उत्पत्तीची बायबलमधली गोष्ट समजावून सांगायचे. पुराणातल्या उत्पत्तीच्या कथा मुखोद्गत असलेल्या बाईला ही गोष्ट अगदी निराळी वाटली. त्यांना ती आवडली, नवऱ्याला मात्र हे वाचन पसंत नव्हतं. पण पुढे काही व्हायच्या आतच फेब्रुवारी १८८२ मध्ये बिपिनबाबू कॉलऱ्याने गेले. रमाबाई तेविसाव्या वर्षी विधवा, कडेवर दहा महिन्यांची मनोरमा.

त्या पुण्याला आल्या. आर्य महिला समाज काढला, हंटर कमिशनपुढे साक्ष देऊन बायकांसाठी शिक्षिका आणि बायका डॉक्टर हव्यात असं ठणकावून सांगितलं, स्त्रीधर्मनीति हे पुस्तक लिहिलं. त्या पुस्तकाच्या विक्रीतून इंग्लंडच्या प्रवासाचे पैसे उभे राहिले. जायचं होतं डॉक्टरकी शिकायला. धर्म बदलणार नाही असं त्या निघण्याआधी सांगून गेल्या होत्या.

१८८३ च्या मे महिन्यात त्या इंग्लंडमध्ये पोहोचल्या आणि २९ सप्टेंबरला वाँटेज इथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. नाव पडलं मेरी रमा. त्याआधीच्या महिन्यांत एक भयंकर घटना घडली होती. सोबत आलेल्या आनंदीबाई भगत यांनी तिथेच स्वतःचं आयुष्य संपवलं होतं. बाप्तिस्म्याची बातमी महाराष्ट्रात आली तेव्हा काय झालं असेल, तुम्हीच कल्पना करा. वर्तमानपत्रांनी त्यांना सोडलं नाही. त्यांच्या बाजूने उभं राहणारे मोजके होते. त्यात एक नाव महात्मा फुल्यांचं, त्यांनी १८८५ मध्ये सत्सारमधून रमाबाईंची बाजू घेतली.

पण त्या ख्रिस्ती झाल्या का? कारण एका गोष्टीत आहे. वाँटेजच्या सिस्टर्स लंडनमध्ये फुलहॅमला एक घर चालवत. समाजाने टाकलेल्या, ज्यांना आपल्याकडे पतिता म्हणत अशा बायकांसाठी. रमाबाईंनी ते काम पाहिलं. असल्या बायकांना कोणी प्रेमाने जवळ करतं हेच त्यांना नवीन होतं. हे तुम्ही का करता, असं त्यांनी विचारल्यावर एका सिस्टरने त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातला चौथा अध्याय वाचून दाखवला.

गोष्ट छोटी आहे. भर दुपारी येशू एका विहिरीवर बसलेला असतो. तिथे एक शोमरोनी बाई पाणी भरायला येते. यहुदी लोक शोमरोन्यांशी व्यवहार ठेवत नसत. येशू तिच्याकडे प्यायला पाणी मागतो. बाईलाच धक्का बसतो की हा माझ्या हातचं पाणी कसं मागतो! बोलता बोलता कळतं की तिची पाच लग्नं होऊन गेलीत आणि आता ज्याच्यासोबत राहते तो तिचा नवरा नाही. तरीही तो तिच्याशी धर्माची चर्चा करत बसतो. देवाची उपासना या डोंगरावर करायची की यरुशलेमात, असं ती विचारते. दोन्हीकडे नाही, आत्म्याने आणि खरेपणाने करायची, अशा अर्थाचं उत्तर तिला मिळतं.

लंडनच्या एखाद्या बाईला ही गोष्ट समजावून द्यायला तळटीप लागते. शोमरोनी कोण, पाणी मागण्यात एवढं काय आहे? आपल्याकडे तळटीप लागत नाही. पाणवठा, विटाळ, कोणाच्या हातचं पाणी चालतं आणि कोणाच्या हातचं नाही, हे मराठी माणसाला कोणी शिकवावं लागत नाही. महाडचं चवदार तळं या गोष्टीनंतर चव्वेचाळीस वर्षांनी यायचं होतं. आणि रमाबाईंचं तर सगळं बालपण एका क्षेत्राहून दुसऱ्या क्षेत्री चालण्यात गेलेलं. कुठल्या डोंगरावर देव भेटतो हा प्रश्न त्यांनी अक्षरशः पायाने विचारला होता, आणि त्या वाटेवर आईबाप गमावले होते. दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या विहिरीवरची बाई जणू यांच्याच वतीने बोलत होती. बायबलच्या अभ्यासकांच्या जाडजूड ग्रंथांत या अध्यायावर शेकडो पानं असतील, पण इतक्या नेमक्या जागेवरून तो वाचणारे थोडेच.

आता खरी गंमत. बाप्तिस्मा दिल्यावर सिस्टर्सना वाटलं, बाई आपल्यात आली. पण रमाबाई कोणाच्यातच येणाऱ्या नव्हत्या.

पुढची दोनतीन वर्षं त्या चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात होत्या. कानाने कमी ऐकू येत असल्यामुळे डॉक्टरकीचा बेत बारगळला होता. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीन त्यांच्या धर्ममाता, रमाबाई त्यांना प्रेमाने आजीबाई म्हणायच्या. या दोघींमधली पत्रं १९७७ मध्ये पुस्तकरूपाने छापली गेली आणि ती वाचली की वाटतं, हा पत्रव्यवहार नाही, मोठा खटला आहे.

आजीबाईंचं म्हणणं असं की बायबलचा अर्थ चर्चने लावून ठेवलेला आहे, नव्या माणसाने तो नम्रपणे स्वीकारावा. रमाबाई विचारायच्या, पुस्तकात कुठे लिहिलंय ते दाखवा. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा या त्रैक्याचं जे काटेकोर सूत्र चर्च म्हणायला लावतं ते येशूच्या तोंडी कुठे आहे? चमत्कार, कुमारीच्या पोटी जन्म, या सगळ्यावर त्यांच्या शंका. ख्रिस्ती पंथ डझनावारी आहेत, प्रत्येक जण हेच पुस्तक हातात घेऊन दुसऱ्याला चूक ठरवतो, मग मी तुमचाच पंथ बरोबर का मानू? पुरोहितांचं एक जोखड मोठ्या कष्टाने मानेवरून उतरवलंय, आता दुसऱ्या पुरोहितांचं घेणार नाही, असा त्यांचा एकूण सूर होता. छोट्या मनोरमाला वाँटेजमध्ये काय शिकवायचं आणि काय नाही, यावरूनही खटके उडायचे.

भांडणं फक्त तत्त्वज्ञानाची नव्हती. रमाबाई शाकाहारी राहिल्या, अंडं घातलेलं पुडिंगही खायच्या नाहीत. आजीबाईंना यात जातीचा अभिमान दिसायचा. एक वाद क्रूसाचा झाला. त्यांच्यासाठीच्या क्रूसावर लॅटिन अक्षरं होती. रमाबाईंना ती नको होती. लॅटिन काय येशूची भाषा होती का? माझ्या देशातल्या बायकांना ती कळणार आहे का? अक्षरं घालायचीच तर संस्कृत घाला, असं त्यांचं म्हणणं. कॉलेजात त्यांनी पुरुषांना शिकवायची वेळ आली तर भारतातल्या बिशपांनीच हरकत घेतली. पुण्या-कलकत्त्यात पंडितांच्या भरसभेत बोललेल्या बाईला पुरुषांसमोर उभं राहू नकोस हे आता ख्रिस्ती धर्मगुरू सांगत होते!

कोणी म्हणेल, हा हट्टीपणा झाला. थोडा होताच. रमाबाई सोप्या बाई नव्हत्या. पण त्यांची एक बाजू धडधडीत खरी होती. इंग्लंडमधल्या लोकांना आपलं खाणं, आपली भाषा, आपल्या सवयी म्हणजेच ख्रिस्ती धर्म वाटत होता. बायबल जिथे लिहिलं गेलं तो सगळा मुलूख आशियाकडचा. तिथली विहीर, पाहुण्याचे पाय धुणं, उपवास, यात्रा, हे चेल्टनहॅमपेक्षा पंढरपूरच्या जास्त जवळचं आहे.

१८८६ मध्ये रमाबाई अमेरिकेला गेल्या, फिलाडेल्फियात आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभाला. तिथे रमल्या, भाषणं केली, हिंदू विधवांवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं, मदतीसाठी संस्था उभी राहिली. परत येऊन ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन सुरू केलं आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला हलवलं. पहिल्या विद्यार्थिनींपैकी गोदूबाई या बालविधवा, ज्या पुढे महर्षी कर्व्यांच्या पत्नी आनंदीबाई झाल्या.

सदनात धर्म शिकवायचा नाही असं ठरलेलं होतं. सल्लागारांत रानडे, भांडारकर यांच्यासारखी माणसं. पण रमाबाई पहाटे आपल्या खोलीत प्रार्थना करायच्या, दार उघडं असायचं आणि मुली येऊन बसायच्या. त्यांनी मुलींना बोलावलं नाही आणि हाकललंही नाही. केसरीने झोड उठवली, पालकांनी मुली काढून नेल्या, १८९३ मध्ये सल्लागारांनी राजीनामे दिले. उघडं दार म्हणजे निमंत्रण का? यावर तेव्हा पुण्यात दोन तट होते, आणि आज हा प्रश्न कुठल्याही कमेंट बॉक्समध्ये टाकून बघा, लगेच दोन तट पडतील. मला विचाराल तर दोन्ही बाजूंकडे थोडं थोडं सत्य होतं. आठदहा वर्षांच्या मुलींसाठी जी बाई त्यांना घास भरवते तिचं उघडं दार साधं दार राहत नाही. आणि दुसरीकडे, त्याच मुलींना घरी केशवपन आणि कोंडी यापलीकडे काही मिळत नव्हतं, हे टीकाकार सोयीने विसरत होते.

याच काळात रमाबाईंचं वाचनही बदलत होतं. त्यांनी पुढे स्वतः लिहिलंय की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण ख्रिस्त सापडला नव्हता. १८९१ च्या आसपास तो सापडल्याचं त्या सांगतात. चमत्कारांवर शंका घेणारी चेल्टनहॅमची तरुणी मागे पडली. आता त्या बायबल शब्दन् शब्द खरं मानून वाचत होत्या. १९०५ मध्ये त्यांच्या आश्रमात मुली रात्ररात्र रडत, मोठ्याने प्रार्थना करत होत्या, तेव्हाही त्यांनी त्याला देवाचं काम मानलं. आजच्या अनेक चाहत्यांना तरुण, भांडखोर रमाबाई आवडतात आणि या उत्तरार्धातल्या रमाबाईंपाशी ते अडखळतात. टीकाकारांना फक्त उत्तरार्ध दिसतो. बाई मात्र एकच होती.

१८९६-९७ चा दुष्काळ पडला. स्वतः भुकेने आईबाप गमावलेल्या रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो मुलींना घेऊन आल्या. पुण्यात प्लेग, इतक्या मुली शहरात ठेवायला परवानगी नाही. म्हणून पुणे-दौंड रेल्वेमार्गावर केडगावला घेतलेल्या जमिनीवर सगळ्यांना नेलं. तेच मुक्ती सदन, १८९८ मध्ये रीतसर सुरू झालं. १९०० च्या दुष्काळात गुजरातमधून आणखी मुली आल्या आणि केडगावची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. शेती, गाई, विणकाम, तेलघाणा, अंध मुलींसाठी शाळा आणि छापखाना. सगळं बायका चालवायच्या.

आता त्या मुलींचा विचार करा. कोणाची बोली छत्तीसगडकडची, कोणाची गुजराती, कोणाची घाटावरची. बहुतेकींनी अक्षर पाहिलेलं नाही. त्यांच्या हातात मराठी बायबल दिलं तर काय होत होतं?

मराठी बायबल तेव्हा होतं की नाही? होतं. कॅरीच्या श्रीरामपूर छापखान्यातून १८०५ मध्येच मत्तयाचं शुभवर्तमान मराठीत निघालं होतं आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मुंबईत संपूर्ण बायबल मराठीत आलं होतं. पण ही भाषांतरं मिशनरी आणि त्यांचे शास्त्री यांनी मिळून केलेली. शास्त्री म्हटल्यावर भाषा कशी येणार ते उघड आहे. जड, संस्कृत, पोथीची. रमाबाईंना ती कळत होती, केडगावच्या मुलींना नव्हती.

दुसरी अडचण जास्त खोल होती. परक्या धर्माची गोष्ट मराठीत सांगायची तर शब्द आणणार कुठून? उदाहरणादाखल मोक्ष घ्या, अवतार घ्या, पुण्य घ्या. हा एकेक शब्द एकटा येत नाही, मागे सगळं दर्शन, सगळं वऱ्हाड घेऊन येतो. मोक्ष म्हटलं की जन्ममरणाचा फेरा आला. अवतार म्हटलं की दहाची यादी आली.

यावर वेगवेगळ्या काळात लोकांनी वेगवेगळे मार्ग काढलेत. गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने १६१६ मध्ये ख्रिस्तपुराण छापलं. जवळपास अकरा हजार ओव्या, आणि स्वर्गासाठी सरळ वैकुंठ! रमाबाईंचे समकालीन रेव्हरंड ना. वा. टिळक यांनीही तीच वाट धरली. ते १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले आणि त्यांनी येशूला ओवी-अभंगात आणला, त्याला माऊली म्हणून हाक मारली. ज्ञानोबा-तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्ताकडे आलो, अशी त्यांची भावना होती. आजही मराठी चर्चमध्ये टिळकांची भजनं पेटी-तबल्यावर गायली जातात.

रमाबाईंनी बरोबर उलटी वाट घेतली. टिळकांना जो जुना सुगंध हवा होता, तोच रमाबाईंना नको होता. कारण टिळक संतांच्या परंपरेतून आले होते आणि रमाबाई धर्मशास्त्रांच्या. टिळकांना मराठी धर्मशब्दांमागे तुकाराम दिसायचा, रमाबाईंना त्याच शब्दांमागे बाईला दार बंद करणारा शास्त्री दिसायचा. शिवाय टिळक कवी होते. त्यांचा येशू कानाला गोड लागतो, रमाबाईंचं भाषांतर तसं लागत नाही. पण आठवड्यापूर्वी बाराखडी संपवलेल्या मुलीपुढे दोन्ही ठेवा आणि मग निवाडा करा.

म्हणून पन्नाशीकडे झुकलेल्या या बाईने हिब्रू आणि ग्रीक शिकायला घेतलं. इंग्रजीवरून भाषांतर करायचं नाही, मुळावरूनच करायचं. एकीकडे आश्रमाचा हजारो माणसांचा कारभार, दुसरीकडे कोश, व्याकरणं आणि कागद. संस्कृतची पंडिता बसली होती संस्कृत शब्द टाळायला! ज्या भाषेने तिला पदवी, मान, अन्न, सगळं दिलं, जिच्यासाठी ती वाँटेजमध्ये लॅटिनशी भांडली होती, ती भाषा आता तिनेच दाराबाहेर ठेवली. वीस वर्षांत असं काय बदललं? क्रूसावर कोणती अक्षरं असावीत असं विचारताना तिच्यासमोर इंग्रज होते, त्यांना दाखवायचं होतं की आमचीही थोर भाषा आहे. आता समोर दुष्काळातून आलेल्या मुली होत्या. त्यांच्यासाठी संस्कृतही लॅटिनइतकीच परकी.

भाषांतर चाललं पंधरा वर्षांहून जास्त. छपाई केडगावातच. खिळे जुळवणाऱ्या बायका, प्रुफं बघणाऱ्या बायका, छापणाऱ्या, बांधणाऱ्याही बायका. त्यातल्या कित्येकींना रमाबाईंनी एकेकाळी भुकेल्या अवस्थेत उचलून आणलेलं. संपूर्ण बायबल मूळ भाषांमधून एकट्या बाईने भाषांतरित करणं ही गोष्ट जगातही दुर्मीळ. त्याआधी अमेरिकेत ज्युलिया स्मिथ यांनी ते केलं होतं, १८७६ मध्ये त्यांचं इंग्रजी भाषांतर छापलं गेलं. त्यानंतर नाव घ्यावं लागतं ते रमाबाईंचंच.

जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली. आईच्या पाठीमागे मुक्ती सांभाळायची ती लेकच आधी गेली. रमाबाईंचीही तब्येत ढासळली होती, तरी शेवटची प्रुफं तपासायचं काम त्यांनी सोडलं नाही. ते संपवूनच त्यांनी डोळे मिटले, असं चरित्रकार सांगतात. ५ एप्रिल १९२२, वय ६३. संपूर्ण बायबल छापून बाहेर पडलं १९२४ मध्ये.

पुढे या भाषांतराचं काय झालं? फारसं काही नाही. मराठी चर्चमध्ये बायबल सोसायटीचंच भाषांतर वाचलं जात राहिलं, आजही तेच वाचलं जातं. रमाबाईंचं बायबल केडगाव आणि अभ्यासकांची टेबलं यांच्यापलीकडे फार पोहोचलं नाही. मुक्ती मिशन मात्र केडगावला अजून सुरू आहे. भारत सरकारने १९८९ मध्ये त्यांच्या नावाने टपाल तिकीट काढलं. आणि ज्या चर्च ऑफ इंग्लंडशी त्या तरुणपणी पुडिंगपासून त्रैक्यापर्यंत प्रत्येक गोष्टीवर भांडल्या, त्या चर्चच्या दिनदर्शिकेत ३० एप्रिल हा दिवस आज पंडिता मेरी रमाबाई यांच्या स्मरणाचा म्हणून छापलेला असतो.